मेंदूंतील वादळ



अहिल्यानगराला लागून असलेल्या भिंगारच्या बाजारपेठेंत काय किंवा महाराष्ट्रांतील दुसऱ्या कोणत्याहि गांवांत काय, फेंफरें येऊन मनुष्य कोसळला कीं भोंवतीं गर्दी जमते. कोणी कांदा, तर कोणी चप्पल त्याच्या नाकाशीं धरतो. झटका ओसरतो व श्रेय कांद्याला मिळतें. वास्तविक बहुतेक झटके कांहीं मिनिटांत आपोआपच थांबतात. परंतु जो थांबत नाहीं, त्या झटक्यांत मेंदूचें काय होतें, हें आज आपण पाहूं.

मेंदूंतील मज्जापेशी एकमेकींना विजेच्या व रसायनांच्या साह्यानें संदेश देतात. ग्लुटामेट हें द्रव्य शेजारच्या पेशीला चेतवितें, तर गाबा हें द्रव्य तिला आवरतें. हा तोल बिघडून असंख्य पेशी एकाच ठेक्यावर चेतूं लागल्या, म्हणजे झटका येतो.

झटक्यांत श्वास अडखळतो, अंग तापतें, स्नायू आखडतात. तेव्हां मेंदूला इजा होते ती यांमुळेंच, असें वाटणें साहजिक आहे. ब्रायन मेल्ड्रम व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं बबून माकडांवर ही गोष्ट तपासून पाहिली. औषधानें स्नायू लुळे करून व श्वास यंत्रानें चालू ठेवून त्यांनीं मेंदूंतील झटका कांहीं तास चालूं दिला. अंगाला आंचके नव्हते. तरीहि स्मरणाशीं निगडित अशा हिप्पोकॅम्पस नामक भागांतील पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. शरीराचे हाल इजेंत भर घालतात खरे. परंतु पेशींची अखंड खळबळ ही स्वतःच घातक असते, असा त्याचा अर्थ.

हें घडतें कसें? ग्लुटामेटचा अतिरेक झाला कीं पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. पेशीला शक्ति पुरविणाऱ्या तंतुकणिका त्यामुळें निकामी होतात आणि पेशींतीलच विघटक द्रव्यें तिला पोखरूं लागतात.

उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळली. झटका लांबला म्हणजे गाबाचा संदेश घेणारे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आंत ओढले जातात. आवरणारा दार ठोठावतो. परंतु दारच नाहींसें झालेलें असतें! डायझेपामसारखीं औषधें याच ग्राहकांच्या द्वारें काम करतात. म्हणून तीं उशिरा दिल्यास कमी लागू पडतात.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, आणि तासन्‌तास चाललेल्या झटक्याचा निष्कर्ष दोन मिनिटांच्या झटक्याला लावणें योग्य होणार नाहीं. एखादा अल्प झटका आला म्हणून रोग्याच्या बुद्धीविषयीं धास्ती घेण्याचें कारण नाहीं. मात्र वेळेचें महत्त्व या प्रयोगांनीं निःसंशय दाखविलें आहे.

म्हणून कांदा शोधण्यापूर्वीं घड्याळाकडे पाहावें. रोग्याला कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कांहीं द्यावें, तोंडांत कांहींहि घालूं नये व त्यास दाबून धरूं नये. झटका पांच मिनिटांपलीकडे गेला, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वींच दुसरा आला, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. आणि चालू असलेलें औषध वैद्यकीय सल्ल्यावांचून एकाएकीं बंद करूं नये; कारण न थांबणाऱ्या झटक्याचें तें एक नेहमींचें कारण आहे.