विकलेल्या मातीला कमाई म्हणू नका!

शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी दोन एकर रान विकले, तर हाती आलेल्या पैशाला तो यंदाचे उत्पन्न म्हणत नाही. रान गेले, हे त्याला ठाऊक असते. देशाच्या हिशेबात मात्र उलटेच चालते. लोहखनिज खणून जहाजात भरले की ते सकल राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते. जमिनीतला साठा तेवढा घटला, हे त्यातून वजा होत नाही.

ही झीज दाखवणारे एक माप जागतिक बँकेने रूढ केले आहे. लोह, बॉक्साइट, तांबे, सोने अशा खनिजांच्या उरलेल्या साठ्याचे मोल काढायचे, साठा जितकी वर्षे पुरेल तितक्या वर्षांनी त्याला भागायचे आणि आलेला आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीत मांडायचा. कोळसा व तेलाची झीज वेगळी धरतात.

माप उपयोगाचे आहे; पण आमचा एक आक्षेप आहे. भारतासारख्या मोठ्या देशात ही टक्केवारी लहान दिसते, कारण ज्या उत्पन्नाशी तुलना करायची तेच अवाढव्य आहे. गोव्यात डिचोली, सांगे, सत्तरीतल्या गावकऱ्याची विहीर आटली, शेतात खाणीचा गाळ साचला. त्याचे नुकसान या टक्केवारीत कुठे दिसते?

त्याच गोव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात खनिजविक्रीच्या १० टक्के रकमेचा कायम निधी पुढच्या पिढ्यांसाठी उभारायला सांगितले. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खनिजाच्या पैशावर कष्टकऱ्यांचा हक्क असतो, हा विचार मात्र त्याहून जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४४ मध्येच कोळशावर उपकर बसवून खाण कामगारांच्या कल्याणाचा निधी उभा राहिला होता.

म्हणून आमची मागणी साधी आहे. झिजेचा आकडा जिल्हावार जाहीर करा. निधी किती जमला, कुठे खर्च झाला, याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवा. तोवर विकासदराचे ढोल बडवणाऱ्यांना आम्ही विचारतच राहू : रान कुणाचे गेले आणि पैसा कुणाच्या खिशात गेला?