जंताची गोळी: भीतीही जास्त, जाहिरातही जास्त

राष्ट्रीय जंतनाशक दिन जवळ आला की प्राथमिक शाळेच्या पालक गटावर मुख्याध्यापकांचा निरोप येतो: उद्या वर्गात अल्बेंडाझोलची गोळी दिली जाईल, मुलांना उपाशी पाठवू नका. निरोप वाचून काही घरांत मुलाला त्या दिवशी शाळेतच पाठवायचे नाही असे ठरते. २०१५ पासून १ ते १९ वर्षे वयोगटासाठी ही मोहीम चालू आहे, तरी शंका जुन्याच आहेत. पण गैरसमज फक्त पालकांचेच आहेत असे नाही. गोळी घातक आहे ही एक समजूत झाली. गोळीने मूल हुशार होते ही दुसरी, आणि ती बऱ्याचदा मोहिमेच्या फलकांतूनच पसरते. गोळी द्यावीच, पण या दोन्ही समजुती बाजूला ठेवून.

"आमच्या मुलाला जंत नाहीतच" हे वाक्य बहुधा लक्षणांच्या भरवशावर बोलले जाते. मूल झोपेत दात खात नाही, चेहऱ्यावर पांढरे चट्टे नाहीत, गोडही फारसे खात नाही. मग जंत कुठून येणार? यातल्या एकाही गोष्टीवरून जंत ओळखता येत नाहीत. गुळाने किंवा पेढ्याने जंत होत नाहीत, ते मातीतून येतात. गोलजंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेबरोबर बाहेर पडतात, ओलसर मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर संसर्गक्षम होतात आणि न धुतलेल्या कोथिंबिरीवरून किंवा नखांतल्या मळातून पोटात जातात. आतड्यात फुटलेली अळी रक्तावाटे फुप्फुसात पोहोचते, तिथून घशाशी येऊन पुन्हा गिळली जाते आणि आतड्यात वाढते. आकडेकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरते. थोडे जंत असतील तर मुलाला काहीच जाणवत नाही, त्यामुळे नुसते बघून निदान होत नाही. बंगल्यातले मूलही मातीत खेळते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

मग आधी शौच तपासा आणि ज्याला जंत आहेत त्यालाच गोळी द्या, हा आक्षेप रास्त वाटतो. पण प्रत्येक मुलाचा नमुना गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर गोळीपेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो, आणि हलका संसर्ग त्यातूनही निसटू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मुलांमधले प्रमाण २० टक्क्यांवर असलेल्या भागात वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांवर असेल तिथे दोनदा, सरसकट गोळी सुचवली आहे. याचा अर्थ काही निरोगी मुलांच्याही पोटात औषध जाते, आणि हे लपवण्याचे कारण नाही. ते चालते, कारण अल्बेंडाझोल आतड्यातून रक्तात फार थोडे शोषले जाते. जंताला साखर घेता येऊ नये अशी ते व्यवस्था करते. उपासमारीने जंत मरतो आणि शौचावाटे निघून जातो.

गोळीनंतर काही मुलांना मळमळते, पोटात दुखते, एखाद्याला उलटी होते. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला हा त्रास अधिक होतो आणि बहुधा तो काही तासांत थांबतो. एका बाकावरच्या मुलाला उलटी झाली की शेजारच्या चौघांनाही मळमळू लागते. भीती अशी पसरते, आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ती 'विषबाधा' होते. खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. गोळी चावून खायची असते, कारण अख्खी गिळताना लहान मुलाच्या घशात ती अडकू शकते. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धीच गोळी, कुस्करून पाण्यातून देतात. ताप किंवा दुसरे आजारपण असेल त्या दिवशी ती देत नाहीत. शिक्षक गोळी घरी न देता समोर चावायला लावतात, त्याचेही कारण हेच.

आता दुसरी समजूत. केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंतनाशकानंतर गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटल्याचे दिसले. त्याचा दाखला नेहमी दिला जातो. त्याच अभ्यासात परीक्षेतले गुण वाढले नव्हते, हे मात्र सांगायचे राहून जाते. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर पाच वर्षे दर सहा महिन्यांनी गोळी देऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. तिथे वजनात किंवा मृत्यूदरात लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात त्या मुलांत जंतांचे प्रमाण मुळात हलके होते. सरासरीत फरक दिसला नाही म्हणून ज्या मुलाच्या आतड्यात आकडेकृमी रोज रक्त पीत आहेत त्याला गोळीचा उपयोग नाही, असे ठरत नाही. अशा मुलाचे हिमोग्लोबिन उतरते, ते दमते, वर्गात पेंगते. पण जंत गेल्यावरही त्याची रक्तक्षीणता आपोआप भरून येत नाही. त्यासाठी शाळेतली आठवड्याची गुलाबी लोहगोळी आणि ताटातले अन्न लागते, आणि वाचन यायला शिकवणे लागते.

गोळीने मातीतली अंडी मरत नाहीत, त्यामुळे काही महिन्यांत पुन्हा जंत होऊ शकतात. मग देऊन उपयोग काय, असे विचारले जाते. गोलजंत माणसाच्या शरीरात वर्ष-दोन वर्षे जगतो, पण तिथल्या तिथे वाढून दहाचे शंभर होत नाहीत. नवा जंत प्रत्येक वेळी बाहेरूनच यावा लागतो. म्हणून ठरावीक काळाने गोळी देऊन संख्या कमी ठेवता येते, आणि त्रास संख्येवरच अवलंबून असतो. वापरात असलेले शौचालय, पायांत चप्पल आणि शाळेच्या नळाशी साबण नसेल, तर मात्र ही फेरी कायमच चालू ठेवावी लागेल.

शाळांनी निरोपात 'बुद्धी वाढते' हे लिहिणे थांबवावे आणि 'थोडे मळमळू शकते' हे लिहावे. पालकांनी मूल आजारी असेल किंवा त्याला दुसरे औषध चालू असेल तर आदल्या दिवशीच वर्गशिक्षकांना कळवावे. त्या दिवशी गोळी चुकली तर काही दिवसांनी राहिलेल्या मुलांसाठी दुसरी फेरी असते. तिची तारीख शाळेत किंवा आशाताईंकडे विचारून घ्या.