आधी पाया, मग जाळी

ताईंनो, भाजीच्या रोपांसाठी शेडनेट करायचं ठरलं की आपण आधी जाळीचा भाव विचारतो. पाया मात्र घाईत उरकतो. मागच्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात एका गटाचं अख्खं शेडनेट उपटलं. खांब जेमतेम वीतभर खोल होते. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

म्हणून पाणी न साचणारी, थोडी उंच जागा निवडा. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमध्ये बरोबर ५ फूट भरले, की कोपरा काटकोनात आहे. पातळी बघायला गवंड्याकडची लेव्हलची नळी पाणी भरून वापरा. खांबाला निदान २ फूट खड्डा घ्या. काळी जमीन उन्हात भेगाळते, तिथे आणखी खोल जा. तळाशी खडी टाका, ओळंबा लावून खांब उभा करा आणि भोवती काँक्रीट भरा. आठवडाभर पाणी मारा, तोवर जाळी ताणू नका. आत मुरूम धुमसून घ्या, बाहेरून चर काढा.

पुढच्या बैठकीला मी येते. दोरी आणि टेप तयार ठेवा, आखणी मिळूनच करू.