जुने यंत्र घेताना

हाताने रंधा मारणे म्हणजे छातीचे काम. दाराची एक चौकट साफ करता करता सुताराचा दिवस मावळतो. यंत्रावर तेच काम फार लवकर होते. म्हणून आपल्या पडवीत एखादे रंध्याचे यंत्र असावे, गोल करवत असावी, असे सुतारमंडळींना वाटते. पण नवे यंत्र महाग. मग माणूस जुन्याकडे वळतो.

जुने घेण्यात कमीपणा नाही. बिडाचे जड यंत्र नीट जपले तर बापामागे लेकालाही पुरते. मात्र दुरून डोंगर साजरे! जवळ जाऊन पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. काय पाहावे, ते आम्ही क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट रंगाची. नव्या रंगाला भुलू नका. रंगाखाली तडा लपवता येतो. बिडाच्या भागावर लहान हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर बरे. बद्द आवाज आला तर तिथे नीट निरखून पाहा. जोड दिल्याची खूण दिसते का? पट्टा झिजला तर बदलता येतो. बेअरिंग बाजारात मिळते. पण तडा गेलेला पाट पुन्हा पहिल्यासारखा होणे कठीण. असले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट पाटाची. सोबत सरळ पोलादी पट्टी न्या. ती पाटावर उभी, आडवी, तिरपी धरा. पट्टीखालून उजेड दिसला तर पाट वाकलेला किंवा झिजलेला आहे. वाकड्या पाटावर लाकूड सरळ होणार कसे?

तिसरी गोष्ट दांड्याची. वीज बंद ठेवा. पट्टा उतरवा. पात्यांना हात न लावता पुली धरून दांडा फिरवा. करकर आवाज आला, किंवा दांडा वरखाली हलला, तर बेअरिंग गेले समजा. तो खर्च किमतीतून वजा करून मागा. रंध्याची पाती ज्यात बसवतात तो दांडा गोल हवा. जुन्या यंत्रांत तो कधी चौकोनी असतो. चौकोनी दांड्याशेजारी फट मोठी राहते आणि बोट खोल ओढले जाते. तसले यंत्र नको.

चौथी गोष्ट मोटरीची. मोटरीवर एक लहान पाटी असते. ती स्वतः वाचा. आता आपल्याला वाचता येते, मग दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला पाहायचे? पाटीवर किती हॉर्सपॉवर, किती व्होल्ट, मिनिटाला किती फेरे, हे लिहिलेले असते. घरातली साधी वीज सिंगल फेज, सुमारे २३० व्होल्टची. पाटीवर ४१५ व्होल्ट असेल तर ती थ्री फेजची मोटर. घरच्या साध्या जोडणीवर ती तशीच चालणार नाही. शेतीपंपाच्या जोडणीवर कारखाना चालवणे तर नियमाबाहेरचे आहे. २ हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भाराने तासभर चालली, तर दीड ते दोन युनिट वीज खाते. तोही हिशेब धरा.

फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. समजा, मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तिची पुली ६ इंचांची आहे. करवतीच्या दांड्याची पुली ३ इंचांची आहे. मग करवत दुप्पट, म्हणजे २८८० फेरे घेईल. करवतीच्या पात्यावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा कोरलेला असला, तर त्याच्या पुढे जाऊ नये.

पाचवी गोष्ट चालवून पाहण्याची. घरून एक फळी घेऊन जा. विकणाऱ्याला ती आपल्यासमोर चिरायला आणि रंधायला सांगा. यंत्र अर्धा तास चालू द्या. मोटरीला जळका वास येतो का, ते पाहा. "आज वीज नाही, घरी नेऊन लावून बघा," असे कोणी म्हणाले तर गोड बोलून परत या. वीज येईल त्या दिवशी पुन्हा जाता येते.

सहावी गोष्ट सर्वांत मोठी. करवतीवर झाकण आहे का? पात्यामागे पातळ लोखंडी पट्टी उभी आहे का? ती पट्टी चिरलेले लाकूड मिटू देत नाही. ती नसली तर लाकूड पात्याला आवळते आणि उलटे अंगावर येते. विकणारे म्हणतात, "झाकण अडचणीचे होते, म्हणून काढले." आपण ते आधी बसवून घ्यावे. सुताराची बोटे हेच त्याचे भांडवल. अर्थिंगची तारही जोडून घ्या. फिरत्या पात्याजवळ हातमोजे, लोंबती बाही, गळ्यातले उपरणे नको.

आता पैशाचे. समजा, यंत्र १८,००० रुपयांना ठरले. वाहतूक २,०००, बेअरिंग आणि पट्टा १,५००, झाकण १,०००. म्हणजे यंत्र खरे २२,५०० रुपयांना पडले. नव्याची किंमत विचारून या आकड्याशी ताडून पाहा. मग ठरवा.

कर्ज काढायचे तर सावकाराच्या दारी जाण्याआधी बँकेत चौकशी करा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातील १८ धंद्यांत सुतारकी आहे. तिच्यात पहिले कर्ज १ लाख रुपयांपर्यंतचे, व्याज ५ टक्के. जुन्या यंत्रासाठी ते चालेल का, हे आधी विचारावे. झाडाचे ओंडके चिरायचे असतील, तर यंत्र घेण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत परवान्याची चौकशी करावी.

शेवटी पावती. विकणाऱ्याचे नाव, गाव, यंत्राचे वर्णन, मोटरीचा नंबर, रक्कम, तारीख आणि सही एवढे तिच्यात हवे. सही होण्याआधी पावती स्वतः वाचा. मोटरीवरचा नंबर आणि पावतीवरचा नंबर एकच आहे ना, ते ताडून पाहा. माल चोरीचा निघाला तर हा कागद कामी येतो. पावती जपून ठेवा, आणि मगच यंत्र गाडीत चढवा.