गिनतीबाहेरचा माणूस

फौजेत संध्याकाळी गिनती होते. प्रत्येकाचे नाव पुकारले जाते; एक जरी कमी भरला, तरी तो कुठे आहे हे कळेपर्यंत हवालदार मेजरची सुटका नसते. जवानाला या गिनतीचा कंटाळा असतो. पेन्शनीवर आल्यावर मात्र त्याची गिनती होते ती वर्षातून एकदा, हयातीच्या दाखल्यापुरती. माजी सैनिकांच्या आत्महत्यांकडे मी याच बाजूने पाहतो. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, नंतर नागपुरात समाजकार्य शिकलो. त्यामुळे दोन्हीकडची भाषा थोडीफार कळते.

कामठीची छावणी १८२१ची. गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र तिथेच आहे. पण निवृत्त जवान छावणीत राहत नाही. पस्तिशी-चाळिशीत तो काटोल, उमरेडकडच्या आपल्या गावी परततो किंवा शहरात सिक्युरिटी गार्डची नोकरी धरतो. थॉमस जॉइनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मते आत्महत्येच्या इच्छेमागे दोन भावना एकत्र येतात : आपण कुणाचेच नाही आणि आपण घरच्यांवर ओझे आहोत. पलटण सुटली की पहिली भावना येऊ शकते. नोकरी जमली नाही, दुखणे जडले की दुसरी.

यावर उपाय काय, हे शोधताना जेरोम मोटो हे नाव भेटते. दुसऱ्या महायुद्धात फौजेत असताना त्यांना एका तरुणीची साधी, काहीही न मागणारी पत्रे येत. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर ती आठवण त्यांनी संशोधनात उतरवली. रुग्णालयातून घरी गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रे गेली. मजकूर एवढाच, की तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, वाटल्यास लिहा. सल्ला नाही, अट नाही. पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या. पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता. आज अमेरिकेचे माजी सैनिक खाते संकटकालीन हेल्पलाइनला फोन करणाऱ्या सैनिकांना अशीच पत्रे पाठवते. मला ही पत्रे म्हणजे टपालाने घेतलेली गिनतीच वाटते.

आपल्या विदर्भातला दाखला शेतकऱ्यांच्या गावांतला आहे. ‘विश्राम’ या उपक्रमात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेला वेगळी गावे नव्हती, म्हणून सगळे श्रेय उपक्रमाला देता येणार नाही. पण दारात येणारा माणूस ओळखीचा असला की कडी निघते, एवढे मानायला हरकत नाही.

सैनिकाची कडी जास्त घट्ट. नोकरीत मन बिघडल्याचे सांगितले तर मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, बढती अडेल, ही भीती असते. लपवायची सवय पेन्शनीतही सुटत नाही. तो डॉक्टरला ‘सब ठीक’ म्हणतो. पलटणीतल्या बडीला तेच सांगताना त्याची जीभ अडखळते, आणि बडीला ते अडखळणे कळते. (कँटीनच्या रमवर जमलेली बैठक मी यात धरत नाही. तिथे आवाज चढतात, बोलणे होत नाही.)

बडीने सरळ विचारावे, “जीव द्यायचे विचार येतात का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असेच संशोधन सांगते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये. परवान्याची बंदूक घरात असल्यास ती पोलीस ठाण्यात जमा करायला लावावी. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. ईसीएचएस पॉलिक्लिनिक आणि नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. तिथे बडीने सोबत जावे, नुसता पत्ता देऊ नये.

बाकी काम किरकोळ आहे. आठ-दहा जणांची यादी करायची, आठवड्याचा एक वार ठरवायचा आणि फोन करायचे. ज्याने दोनदा उचलला नाही, त्याच्या घरी जायचे. यादीत प्रत्येकाच्या बायकोचाही नंबर असावा. नवरा रात्री झोपत नाही, हे पहिल्यांदा तिलाच कळते आणि तिला कुणी विचारलेले नसते.