विंडोज १० वरून विंडोज ११: पावसाळ्याआधी उरकायचं काम



व्हिडिओमध्ये अपग्रेडची बटणं कुठे आहेत ते स्क्रीनवर दाखवलंच आहे. पण बटण दाबण्याआधी काय तपासायचं, हा भाग तिथे धावता झाला. खरं काम तिथेच असतं, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो. वही-पेन जवळ ठेवा.

उदाहरण आंबोलीचं घेऊ. समजा, आंबोलीत तुमचं सहा खोल्यांचं होमस्टे आहे. काउंटरवर सात-आठ वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आहे. त्यावर बुकिंगची एक्सेल शीट, टॅली, बिलाचा प्रिंटर, बँकेचं लॉगिन आणि पाहुण्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन, सगळं एकाच मशीनमध्ये. तुमचं दुकान मालवणात असो की गडहिंग्लजला, चित्र फारसं वेगळं नसणार.

नेमकं काय बंद झालं?

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला का? नाही. तो कालच्यासारखाच चालतो, आणि फसगत तिथेच होते. बंद झालीत ती दर महिन्याला येणारी सुरक्षा-दुरुस्तीची मोफत अपडेट्स. नवीन भोक सापडलं की चोराला ते कळतं, पण तुमच्या मशीनवर ते बुजवायला कोणी येत नाही. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ चा सपोर्टही त्याच दिवशी संपला, हेही लक्षात असू द्या.

"आमच्या छोट्या धंद्यात कोण शिरणार?" असं वाटत असेल तर २७ जून २०१७ आठवा. नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि न्हावाशेवा बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. त्या व्हायरसचं लक्ष्य मुंबईजवळचं बंदर नव्हतंच. सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. पसरायच्या त्याच्या वाटांपैकी एक होती विंडोजमधली त्रुटी, आणि तिची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आलेली होती. मर्स्कला सुमारे ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. असा व्हायरस नाव-गाव बघून येत नाही, उघडं दार बघून येतो. मर्स्ककडे माणसं होती, पैसा होता. तुमच्याकडे काउंटरवरचा एकच डबा आहे.

पावसाळ्याआधीच का?

आंबोलीचा सीझन म्हणजे पाऊस. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्यावर गर्दी असते, खोल्या भरलेल्या असतात. त्याच दिवसांत वीज लपंडाव खेळते, नेट रडतं आणि दुरुस्तीवाला घाट चढून लगेच येईल याची खात्री नसते. तेव्हा हे काम मे महिन्यात उरका. सीझनमध्ये चालत्या मशीनला हात लावायचा नाही, हा नियमच करून टाका.

पायरी १: तुमचं मशीन बसतं का?

विंडोज ११ प्रत्येक मशीनवर चढत नाही. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा. ४ जीबीवर ते चढतं, पण काम करताना दम लागतो. ८ जीबी तरी असू द्या.

तपासायला मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप आहे. त्यात टीपीएम नाही असं आलं तरी घाईने नवीन मशीन घेऊ नका. बऱ्याचदा चिप असते, फक्त बायॉसमध्ये बंद असते. इंटेलमध्ये ती पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने दिसते.

आणखी एक बघा. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे 'सिस्टीम टाइप' ३२-बिट दिसतंय का? विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, त्यामुळे तिथे वरच्यावर अपग्रेड होत नाही, सगळं कोरं करून नव्याने टाकावं लागतं.

पायरी २: मशीनला काय-काय जोडलंय त्याची यादी

ही पायरी लोक गाळतात आणि मग अपग्रेडला शिव्या घालतात. कागदावर लिहा:

- प्रिंटर: बिलाचा थर्मल प्रिंटर, जुना डॉट मॅट्रिक्स. कंपनीच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का ते आधी बघा आणि उतरवून ठेवा.
- डिजिटल सहीचा टोकन: जीएसटी किंवा टेंडरसाठी वापरत असाल तर त्याचाही ड्रायव्हर.
- टॅली: व्हर्जन फार जुनं असेल तर विंडोज ११ वर चालेल का, हे विक्रेत्याला आधी विचारा.
- डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर: काळ्या स्क्रीनवर चालणारा, फॉक्सप्रोत बनवलेला हिशेब अजून वापरताय? ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. आकडे आधी एक्सेलमध्ये काढून घ्या.
- मराठी फॉन्ट: श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधली दरपत्रकं, पत्रं असतील तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती अगम्य चिन्हांची दिसतात. फॉन्टच्या फाइल्स जपून ठेवा आणि रोजचा मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणा. मराठी फोनेटिक कीबोर्ड आता विंडोजमध्येच मिळतो. नव्या मशीनवर 'मंगल' दिसला नाही तर घाबरू नका. ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फॉन्ट टाकले की तो येतो.

पायरी ३: बॅकअप, आणि त्याची परीक्षा

दोन प्रती घ्या. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी त्या इमारतीत नसलेल्या ठिकाणी: क्लाउडवर किंवा सावंतवाडीच्या नातेवाइकाकडे. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या. डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइल्स आणि ब्राउझरमधले पासवर्ड हमखास विसरले जातात, ते आठवणीने घ्या.

मग त्यातली एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

आता सर्वांत महत्त्वाचं. मशीनची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बायॉसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागू शकतं. ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही. नव्या विंडोज ११ मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की हे कुलूप बहुतेक वेळा आपोआप लागतं आणि की त्या अकाउंटमध्ये जाते. म्हणून 'सेट करून देतो' म्हणणाऱ्या पुण्याच्या भाच्याच्या ईमेलने लॉगिन नको. धंद्याच्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढा आणि तोच वापरा.

पायरी ४: अपग्रेड

मशीन पात्र असेल आणि विंडोज १० अस्सल असेल तर अपग्रेड फुकट आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्येच पर्याय दिसतो. फाइल्स आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, पण त्या भरवशावर बॅकअप टाळू नका.

आंबोलीत नेट हळू असेल तर काही जीबी डाउनलोड करत बसू नका. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, सावंतवाडी किंवा बेळगावात चांगल्या नेटवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तो तयार करा आणि वर घेऊन या. इन्व्हर्टर किंवा यूपीएस जोडल्याशिवाय सुरुवात करायची नाही. मध्येच वीज गेली तर मशीन अर्ध्यात लटकू शकतं.

काम मंगळवारी किंवा बुधवारी करा. शुक्रवारी नाही! त्याच दिवशी एक बिल छापा, टॅली उघडा, डिजिटल सही करून बघा, एक स्कॅन काढा. काही अडलं तर साधारण १० दिवस 'गो बॅक'ची सोय असते. त्यानंतर जुनं विंडोज पुसलं जातं, तेव्हा सगळी तपासणी त्या दहा दिवसांतच.

मशीन बसत नसेल तर?

चार वाटा आहेत.

१. मुदतवाढ: विंडोज १० साठी ईएसयू नावाची योजना आहे. तिच्यातून सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर. पण ही वैयक्तिक मशीनसाठीची योजना आहे. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनसाठी वेगळी, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलरची योजना आहे. हा सीझन निभावायला ठीक, कायमचा उपाय नाही.

२. नूतनीकृत मशीन: बिल आणि वॉरंटी देणाऱ्याकडूनच घ्या. प्रोसेसरची पिढी स्वतः तपासा. 'आय-फाइव्ह आहे' एवढं पुरत नाही.

३. नवीन मशीन: रोजची उलाढाल त्यावर चालत असेल तर हा खर्च टाळू नका. जुनं मशीन नेटला न जोडता जुन्या फाइल्स बघायला ठेवा.

४. लिनक्स: फक्त ब्राउझर, ईमेल आणि पत्रं एवढंच काम असेल तर उत्तम आणि फुकट. टॅली त्यावर थेट चालत नाही.

आणि पाचवी वाट, जी कोणीतरी सुचवणारच: अटींना बगल देऊन अपात्र मशीनवर विंडोज ११ चढवणं. होतं ते. पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यासाठी हा खटाटोप, तेच अधांतरी. धंद्याच्या मशीनवर हे नको.

या आठवड्याचा गृहपाठ

आज पीसी हेल्थ चेक चालवा. उद्या यादी करा. रविवारपर्यंत बॅकअप घेऊन एक फाइल उघडून बघा. एवढं झालं की निम्मं काम संपलं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पाहुणा आपलं आधार कार्ड तुमच्या हातात देतो तो तुमच्यावर विश्वास ठेवून. ते ज्या कपाटात ठेवता, त्याचं कुलूप नीट आहे ना, एवढं बघणं आपलं काम.

भेटू पुढच्या व्हिडिओत!