कान दुखतोय की जबडा?

डबे भरून झाले, मुलं शाळेला गेली, आता जरा निवांत खावं म्हणून तुम्ही थालीपिठाचा घास तोंडात घालता आणि कानापाशी कट्‌कन आवाज होतो. कळ थेट कानशिलात जाते. शेजारच्या काकू सांगतात, ‘कानात कोमट तेल घाल गं.’ तुम्ही घालता. आठ दिवस झाले तरी दुखणं आपलं तिथंच!

मैत्रिणींनो, कानाला दोष देण्यापूर्वी एवढं करून पाहा. दोन्ही कानांच्या किंचित पुढे बोटं ठेवा आणि तोंड हळूच उघडा, मिटा. बोटांखाली हलतो तो जबड्याचा सांधा. कानाला तो इतका लागून असतो, की त्याचं दुखणं कानाचंच वाटतं. हा सांधा बिजागरीसारखा फिरतो, शिवाय पुढेही सरकतो. त्यात एक लवचिक चकती असते. ती जागची हलली की आवाज येतो. नुसताच आवाज येत असेल, दुखत नसेल, तर बहुधा उपचारांची गरज नसते.

मग दुखतं कशानं? १९३४ साली कॉस्टेन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पडलेल्या दाढांवर ठपका ठेवला होता. आज मात्र एकच एक कारण कोणी मानत नाही. मार लागणं, आमवातासारखा संधिवात, मोठी जांभई, दाढेच्या कामासाठी बराच वेळ तोंड उघडं ठेवणं, यांपैकी काहीही असू शकतं. पण नेहमी आढळणारं कारण म्हणजे स्नायूंवरचा ताण. कुणी झोपेत करकरा दात खातं, तर कुणी दिवसभर नकळत दात आवळून असतं. पाहुणे, परीक्षा, हिशेबाची ओढाताण. तोंडानं आपण ब्र काढत नाही, पण सगळा भार जबडा सोसतो! बायकांत हे दुखणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतं.

उपाय साधे आहेत. काही दिवस चिक्की, ऊस, कडक भाकरी दूर ठेवा. मऊ भात, खिचडी खा. कोमट कापडानं दहा-पंधरा मिनिटं शेका. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. मान वाकडी करून खांद्यावर फोन धरू नका. आणि लक्षात ठेवा, खाणं-गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे! बहुतेकींना एवढ्यानं काही आठवड्यांत आराम पडतो. दात घासून किंवा काढून घेण्याची घाई मात्र करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

पण काही गोष्टी अंगावर काढू नका. आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, पाहा. जात नसतील, आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर दोष सांध्याचा नसून आतलं अस्तर ताठर होत असेल. त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. सुपारी त्याच दिवशी सोडा नि दंतवैद्यांना दाखवा. पन्नाशी उलटलेल्या बाईचा जबडा चावताना भरून येत असेल, सोबत कानशील दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जिना चढताना जबडा दुखून धाप लागली, घाम फुटला, छातीत दडपलं, तर तो हृदयविकार असू शकतो. तडक इस्पितळात जा. ‘स्वयंपाक उरकून जाते’ म्हणू नका!

बाकीच्यांनी आजपासून एक करा. कुकरची शिट्टी झाली, की स्वतःला विचारा, ‘दात आवळलेत का?’ आवळले असतील तर सैल सोडा. खांदेही आपोआप खाली येतील.